घरगुती संगणकातील बिघाड आणि दुरुस्तीज्ञानाचा इतिहास : नाशिक शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासाचे लेखन सामान्यतः शोध, उत्पादन, शासकीय धोरण आणि प्रसार या चार अंगांनी झालेले दिसते. यंत्र घरात आल्यानंतर ते केव्हातरी बंद पडते, कोणीतरी ते उघडून पाहते, दोष कोठे आहे याचा तर्क करते आणि ते पुन्हा चालू करते, या नित्याच्या घटनाक्रमाला इतिहासलेखनात फारसे स्थान मिळालेले नाही. २०११ च्या जनगणनेत कुटुंबाकडे संगणक अथवा लॅपटॉप आहे काय, हा प्रश्न प्रथमच विचारण्यात आला. देशातील ९.५ टक्के कुटुंबांकडे तो असल्याचे आढळले. इंटरनेट जोडणीसह तो असणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ३.१ टक्के होते. मात्र तो संगणक चालू स्थितीत आहे काय, हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. ज्या घरांत संगणक होता, त्या घरांचा अनुभव पाहता हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता.

प्रस्तुत निबंधात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील सुमारे तीन दशकांतील घरगुती संगणकाच्या हार्डवेअरमधील बिघाड आणि त्यांच्या निदानाची रीत यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. विवेचनाचे केंद्र नाशिक शहर असून आवश्यक तेथे महाराष्ट्र व देश पातळीवरील संदर्भ घेतले आहेत.

उद्दिष्टे :

१) भारतातील संगणक देखभालीची व्यवस्था संस्थेकडून घराकडे कशी आली, याचा आढावा घेणे.
२) नाशिकची औद्योगिक, शैक्षणिक व भौतिक परिस्थिती आणि घरगुती संगणकातील बिघाड यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) दुरुस्ती करणाऱ्यांनी अनुसरलेल्या निदानपद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
४) या ज्ञानाच्या जतनाची निकड अधोरेखित करणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती :

घरगुती संगणकाचा बिघाड हा पुष्कळदा त्या घराच्या परिस्थितीचा बिघाड असतो आणि म्हणून त्याच्या दुरुस्तीतून निर्माण झालेले ज्ञान स्थानिक असते, हे या निबंधाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अभ्यास मेजावरील संगणकापुरता मर्यादित आहे.

१. पूर्वपीठिका : संस्थेचा संगणक आणि संस्थेचा अभियंता

भारतात संगणक आला तो प्रथम संशोधनसंस्थांमध्ये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची उभारणी करणारे आणि त्याची देखभाल करणारे लोक एकाच संस्थेतील होते. पुढे आयबीएमसारख्या परदेशी कंपनीची यंत्रे देशातील कार्यालयांत आली, तेव्हा यंत्र आणि त्याची देखभाल या दोन्ही गोष्टी त्याच कंपनीच्या हाती राहिल्या. ग्राहकाने यंत्र उघडावे, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

परकीय चलन नियमन कायदा, १९७३ मधील भागभांडवलविषयक तरतुदींवरून निर्माण झालेल्या मतभेदानंतर आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय बंद केला. त्या वेळी देशापुढे उभा राहिलेला तातडीचा प्रश्न नव्या संगणकांचा नव्हता. असलेले संगणक चालू कसे ठेवायचे, हा तो प्रश्न होता. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक उपक्रमाने आयबीएमच्या देशभरातील यंत्रांची देखभाल आपल्याकडे घेतली. या उपक्रमाच्या नावातच ‘देखभाल’ हा शब्द होता, ही बाब लक्षणीय आहे. एका राष्ट्राने दुरुस्तीसाठी स्वतंत्र कंपनी उभारली होती. पुढे ती सीएमसी या नावाने ओळखली गेली, तिच्या कामाची व्याप्ती वाढली, २००१ मध्ये तिचे नियंत्रण टाटा समूहाकडे गेले आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

या पहिल्या टप्प्यातील संगणक वातानुकूलित दालनात राहत असे. त्याचा वीजपुरवठा स्वतंत्र असे, दालनात धूळ येऊ दिली जात नसे आणि वार्षिक देखभाल करारानुसार अभियंता ठरलेल्या दिवशी येऊन तपासणी करीत असे. घरगुती संगणकाला यांपैकी एकही सुविधा मिळाली नाही. दोन्ही टप्प्यांतील हा फरक पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

२. घरगुती संगणकाचे आगमन

आयबीएमचा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. त्याची रचना खुली होती. त्यामुळे इतर उत्पादकांना त्याच्याशी सुसंगत यंत्रे व सुटे भाग तयार करता आले. भारत सरकारने नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर करून आयात व उत्पादनावरील निर्बंध सैल केले. त्याच सुमारास शाळांमधील संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात बीबीसी मायक्रो या संगणकाचा वापर करण्यात आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स या कंपनीने परवान्याने विकलेला स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक काही मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. तो दूरचित्रवाणी संचाला जोडावा लागे आणि त्यावरील कार्यक्रम ध्वनिफितीवरून यंत्रात उतरवावे लागत. कार्यक्रम उतरला नाही तर दोष टेपरेकॉर्डरचा, फितीचा, जोडवायरीचा की संगणकाचा, हे ठरवावे लागे. घरगुती निदानाची सुरुवात अशी साध्या उपकरणांपासून झाली.

मराठीच्या दृष्टीने याच काळातील एक हार्डवेअर महत्त्वाचे आहे. आयआयटी, कानपूर येथे विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसारित केलेले जिस्ट तंत्रज्ञान कार्डाच्या रूपाने संगणकाच्या खाचेत बसविले जात असे. त्या कार्डामुळे पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. कार्ड खाचेत सैल झाले तर यंत्र चालू राही, मराठी मात्र दिसेनाशी होई. त्या काळात मराठीचा संगणकावरील वावर असा एका कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्टीवर अवलंबून होता.

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने आणि विशेषतः माहिती तंत्रज्ञान करारात १९९७ मध्ये भारत सहभागी झाल्याने सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. तैवान व आग्नेय आशियातून येणारे मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क आणि कॅबिनेट मुंबईच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील, म्हणजेच लॅमिंग्टन रोडवरील बाजारात उपलब्ध झाले. या भागांची जुळणी करून तयार होणारा ‘असेंबल्ड’ संगणक नामवंत कंपनीच्या संगणकापेक्षा स्वस्त पडे. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स मानकामुळे भागांची मापे आणि जोडण्या निश्चित झाल्या आणि एका उत्पादकाचा वीजपुरवठा दुसऱ्याच्या मदरबोर्डला जोडणे सुलभ झाले. दुरुस्तीच्या इतिहासात ही घटना निर्णायक ठरते. ज्याने संगणक जोडला, तोच तो उघडू शकत होता. आणि उघडण्यास केवळ एक स्क्रू ड्रायव्हर पुरेसा होता.

३. नाशिकची पार्श्वभूमी

नाशिक हे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वश्रुत असले, तरी विसाव्या शतकात ते कुशल कामगारांचे शहरही झाले. नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलनी नोटांचे मुद्रणालय ही ब्रिटिशकालीन आस्थापने होत. ओझर येथे १९६४ मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना सुरू झाला. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत वाहन, विद्युत उपकरणे आणि अभियांत्रिकी उद्योग उभे राहिले. सिडकोने वसविलेल्या नवीन नाशिकमध्ये या उद्योगांतील हजारो कुटुंबे स्थिरावली. जोडारी, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ अशा व्यवसायांतील माणसांना यंत्राचे झाकण उघडण्याचे भय नव्हते आणि मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री ही साधने त्यांच्या परिचयाची होती.

याला दुसरी जोड मिळाली ती रेडिओ व दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या परंपरेची. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणीचा प्रसार झाला आणि गावोगाव तिची दुरुस्ती करणारी दुकाने उघडली. फुगलेला कपॅसिटर ओळखणे, तुटलेला टाका पुन्हा लावणे, उच्च दाबाच्या भागापासून हात दूर ठेवणे ही कौशल्ये पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरसाठी जशीच्या तशी उपयोगी पडली. आयटीआय, तंत्रनिकेतने, १९८४ मध्ये सुरू झालेले क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कनिष्ठ महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्षी विषय यांतून या परंपरेला औपचारिक शिक्षणाचा आधार मिळाला.

संगणकाची मागणी वाढविणारे घटकही नाशिकमध्ये होते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम राज्यभर नेला आणि शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने नोकरदार व विद्यार्थी मोठ्या संख्येने संगणकाकडे वळले. महात्मा गांधी रस्ता, कॅनडा कॉर्नर या परिसरांत विक्री व दुरुस्तीची दुकाने दिसू लागली. तेथे न मिळणारा भाग आणण्यासाठी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन रात्रीपर्यंत परतणे शक्य होते. मुंबईच्या बाजाराचे हे सान्निध्य नाशिकच्या दुरुस्ती व्यवसायास उपकारक ठरले.

४. वीज, हवामान आणि बिघाडाचे स्वरूप

घरातील वीज २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाची असते. संगणकाच्या मदरबोर्डला व डिस्कला १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असा एकदिश दाब लागतो. हे रूपांतर एस.एम.पी.एस. हा वीजपुरवठा संच करतो. त्यामुळे बाहेरील विजेतील प्रत्येक चढउताराचा पहिला आघात या संचावर होतो. संगणक पूर्णतः बंद पडल्यास प्रथम हा संच तपासावा, हा दुरुस्तीतील पहिला धडा त्यातूनच आला.

महाराष्ट्रात २००० च्या दशकात, विशेषतः २००५ नंतर, विजेचा तुटवडा तीव्र झाला. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली. शहरांत काही तास आणि ग्रामीण भागात त्याहून बरेच अधिक तास भारनियमन होत असे. नाशिकच्या वेशीवर एकलहरे येथे औष्णिक विद्युत केंद्र असूनही शहर व जिल्हा यास अपवाद नव्हते, कारण तेथील वीज राज्याच्या सामाईक जाळ्यात जात असे. २०१२ च्या अखेरीपर्यंत राज्याच्या मोठ्या भागातील नियमित भारनियमन मागे घेण्यात आले.

भारनियमनाचा संगणकावरील परिणाम दुहेरी होता. वीज अचानक गेल्याने हार्ड डिस्कवर चालू असलेले लेखन अर्धवट राही आणि फाइल-व्यवस्थेत दोष निर्माण होई. वीज परत येताना पहिल्या काही क्षणांत दाब अस्थिर असे आणि एस.एम.पी.एस. निकामी होण्याचा धोका त्याच वेळी अधिक असे. म्हणून वीज गेल्यावर संगणकाचे बटण बंद करून ठेवावे आणि ती आल्यानंतर काही मिनिटांनी चालू करावे, ही शिस्त घराघरांत रुजली. अनेक घरांनी यूपीएस घेतला. त्यातील १२ व्होल्टची बॅटरी वारंवारच्या खोल विसर्जनाने दोन-तीन वर्षांत क्षीण होई. तेव्हा वीज जाताच संगणकही बंद पडे आणि दोष संगणकात असल्याचा समज होई.

अर्थिंगचा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असले तरी त्यामागे अर्थिंगची तार जोडलेली असेलच असे नव्हते. अशा घरात संगणकाच्या धातूच्या कॅबिनेटला हात लावल्यास झिणझिण्या येत. एस.एम.पी.एस.मधील गाळणी कपॅसिटरद्वारे कॅबिनेटशी जोडलेली असते आणि अर्थिंग नसल्यास तिच्यातून येणारा अल्प प्रवाह जमिनीत जाण्याऐवजी स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जातो, हे त्याचे कारण. येथे संगणक बदलून दोष जात नसे. दोष घराच्या वायरिंगमध्ये होता. दुरुस्ती करणाऱ्याला संगणकाबरोबर घरही तपासावे लागे, याचे हे ठळक उदाहरण होय.

हवामानाचा भागही लहान नव्हता. उन्हाळ्यात नाशिकचे तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. धुळीने भरलेला पंखा व वाळलेला थर्मल पेस्ट यांमुळे प्रोसेसर तापून यंत्र आपोआप बंद होई. सकाळी चालणारा संगणक दुपारी बंद पडतो, ही तक्रार या दोषाची खूण होती. पावसाळ्यातील दमटपणाने रॅमच्या व कार्डांच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसे. रॅम काढून तिची पट्टी साध्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा बसविणे, हा त्यावरील देशभर रूढ झालेला उपाय होता. फ्लॉपीवर बुरशी येई आणि ती वाचणाऱ्या यंत्राचे शीर्षही खराब होई. कॅबिनेटच्या मागील उघड्या फटींतून झुरळे, पाली व उंदीर आत शिरत. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत या कारणांचा उल्लेख नसे.

सर्वच बिघाड मात्र स्थानिक नव्हते. साधारणतः २००० ते २००७ या काळात जगभरातील मदरबोर्डवरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सदोष द्रवामुळे अकाली फुगून फुटू लागले. दूरच्या कारखान्यातील हा दोष घरातील संगणकात ‘मध्येच बंद होतो’, ‘सुरूच होत नाही’ अशा तक्रारींच्या रूपाने प्रकट झाला. कपॅसिटरचा वरचा सपाट भाग फुगलेला दिसणे ही त्याची खूण. येथे दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्याचा हात उपयोगी पडला. कारण मदरबोर्ड न बदलता काही रुपयांचे कपॅसिटर बदलून तो चालू करता येत असे.

५. निदानाची पद्धती

या व्यवसायात रूढ झालेली निदानाची रीत पाहिली असता तिच्यात स्पष्ट क्रम दिसतो. पहिली पायरी निरीक्षणाची. दिवा लागतो काय, पंखा फिरतो काय, आवाज येतो काय आणि पडद्यावर काही दिसते काय, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून दोषाचे क्षेत्र आकुंचित होई. संगणक चालू होताना स्वतःची तपासणी करतो आणि दोष आढळल्यास ठरावीक बीप देतो. प्रचलित असलेल्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप आल्यास दोष चित्र दाखविणाऱ्या कार्डात आणि सतत लांब बीप आल्यास रॅममध्ये मानला जाई. पडदा काळा असताना यंत्राशी संवाद साधण्याचे हे एकमेव साधन होते आणि वैद्याने नाडी पाहावी तसे ते ऐकले जाई.

दुसरी पायरी वीजपुरवठ्याची. एटीएक्स संचाच्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेला जोडल्यास तो मदरबोर्डशिवाय सुरू होतो. अशा रीतीने तो स्वतंत्रपणे सुरू करून मल्टिमीटरने दाब मोजला जाई. ही पायरी आधी घेण्यामागे व्यावहारिक शहाणपण होते. सदोष पुरवठा तसाच ठेवून दुसरे चांगले भाग लावून पाहिल्यास तेही निकामी होण्याची भीती असते.

तिसरी पायरी वजाबाकीची. डिस्क, सीडी ड्राइव्ह, मोडेम, अतिरिक्त कार्डे काढून केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि वीजपुरवठा एवढ्यावर यंत्र चालू केले जाई. ते चालल्यास एकेक भाग पुन्हा जोडला जाई आणि ज्या भागाने यंत्र बंद पडे तो दोषी ठरे. चौथी पायरी अदलाबदलीची. संशयित भागाच्या जागी खात्रीचा चालू भाग लावणे आणि संशयित भाग दुसऱ्या चालू यंत्रात लावून पाहणे, अशी दुहेरी पडताळणी केली जाई. एका वेळी एकच बदल करावा, हा या पद्धतीचा अलिखित नियम होता.

प्रयोगशाळेत एक घटक बदलून इतर स्थिर ठेवणे आणि निष्कर्षाची उलट पडताळणी करणे, या वैज्ञानिक पद्धतीच्या मूलभूत कसोट्या येथे पूर्ण होतात. त्या पाळणाऱ्यांना तिचे शास्त्रीय नाव ठाऊक असो वा नसो, त्यांची विचारप्रक्रिया अनुभवजन्य तर्काची होती. या पद्धतीची एक भौतिक अटही होती. अदलाबदलीसाठी हाताशी जुने चालू भाग असावे लागत. दुरुस्तीच्या दुकानात दिसणारा जुन्या बोर्डांचा आणि डिस्कचा ढीग बाहेरच्यास अडगळ वाटे. प्रत्यक्षात तो त्या दुकानाचा संदर्भसंग्रह होता.

६. निदानाच्या मर्यादा

या पद्धतीची कसोटी पाहणाऱ्या घटनाही घडल्या. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच हा विषाणू अनेक देशांत कार्यान्वित झाला. तो हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागावर निरर्थक मजकूर लिहीत असे आणि काही मदरबोर्डवरील बायोसचा मजकूरही पुसून टाकत असे. परिणामी संगणक मुळीच सुरू होत नसे. लक्षणे हार्डवेअरच्या बिघाडाची, कारण मात्र सॉफ्टवेअरचे, असा हा पेच होता. भाग बदलून यंत्र चालू झाले तरी मूळ कारण उलगडत नसे.

याच्या उलट प्रकार मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या नाणेवजा बॅटरीचा. ती क्षीण झाली की प्रत्येक वेळी दिनांक व वेळ चुकत आणि डिस्कच्या नोंदी पुसल्या जात. वापरणाऱ्यास हा मोठा बिघाड वाटे. उपाय काही रुपयांचा असे. ज्ञानाच्या या विषमतेतून फसवणुकीलाही वाव होता. किरकोळ दोषासाठी मोठा भाग बदलल्याचे सांगणे, चांगली रॅम काढून कमी क्षमतेची बसविणे, सरसकट ‘फॉरमॅट’ मारून डिस्कवरील मजकूर नष्ट करणे, अशा प्रवृत्तींची भीती ग्राहकांच्या मनात असे. त्यामुळे दुरुस्ती आपल्यासमोर व्हावी, असा आग्रह अनेक कुटुंबे धरीत. या आग्रहातून एक अनपेक्षित लाभ झाला. घरातील शाळकरी मुले शेजारी बसून दुरुस्ती पाहत आणि पुढील वेळी रॅम स्वतः काढून बसवीत. मूळचा अविश्वास असा शिक्षणाचे साधन बनला.

७. प्रमाणपत्र आणि अलिखित ज्ञान

संगणक साक्षरतेचा अधिकृत अर्थ या काळात प्रामुख्याने वापराशी निगडित राहिला. लेखन, तक्ते, सादरीकरण आणि इंटरनेट यांवर सार्वत्रिक अभ्यासक्रमांचा भर होता. डोएक, म्हणजे २०११ नंतरची नायलेट ही संस्था, तसेच आयटीआय यांनी हार्डवेअरचे अभ्यासक्रम चालविले. परंतु ते व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी होते. सामान्य कुटुंबाला यंत्राच्या देखभालीचे जे ज्ञान मिळाले ते शेजारी, नातेवाईक, दुकानदार आणि स्वतःच्या चुका यांतून. ते बोलीत राहिले. ‘सप्लाय गेला’, ‘बोर्ड उडाला’, ‘लूज कॉन्टॅक्ट आहे’, ‘डिस्क कटकट करते’ ही त्या ज्ञानाची मराठी परिभाषा होती. ‘कटकट’ या शब्दात डिस्कच्या वाचनशीर्षाच्या बिघाडाचे अचूक ध्वनिवर्णन आहे. पारिभाषिक कोशांनी या शब्दांची दखल घेणे आवश्यक होते.

८. दुरुस्तीज्ञानाचा ऱ्हास

२०१० नंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. लॅपटॉप व स्मार्टफोन यांनी घरातील मेजावरच्या संगणकाची जागा घेतली. अनेक नव्या यंत्रांत रॅम व साठवण मदरबोर्डवरच पक्की बसविलेली असते. तेथे वजाबाकी व अदलाबदल या दोन्ही पायऱ्या निरुपयोगी ठरतात. खोडरबराने पुसण्यासारखी पट्टीच उरत नाही. उपकरणे अधिक टिकाऊ व कमी विजेवर चालणारी झाली, हा लाभ मान्य करूनही ती उघडण्याचा मार्ग बंद झाला, हे नाकारता येत नाही.

ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये होऊन मे २०१२ पासून लागू झाले. त्यांत २०१६ व २०२२ मध्ये व्यापक बदल झाले. शिसे, कॅडमियम यांसारख्या विषारी धातूंचा विचार करता हे नियम अत्यावश्यक होते. तथापि, ज्या भंगारातून दुरुस्ती करणाऱ्यास खात्रीचा जुना भाग मिळत असे, तोच प्रवाह त्यामुळे बदलणे अटळ होते. नाशिकमधील अंबड-सातपूर जोडरस्त्यावरील भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या मोहिमेद्वारे हटविला. अतिक्रमण, प्रदूषण आणि सुरक्षितता हे त्यामागील प्रश्न खरे होते. मात्र जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराशी जोडलेली साखळीही त्यासोबत विस्कळीत होते, या बाजूचीही नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली. १९७५ मध्ये देखभालीसाठी कंपनी स्थापन करणाऱ्या देशात जवळपास अर्धशतकानंतर दुरुस्ती हा पुन्हा धोरणाचा विषय झाला आहे.

या ऱ्हासाचा सर्वांत गंभीर परिणाम साधनांवर होणार आहे. १९९० व २००० च्या दशकांतील पत्रे, हिशेब, छायाचित्रे, कवितांच्या वह्यांचे टंकलेखन, एम.फिल. व पीएच.डी.चे प्रबंध हे सर्व माळ्यावर पडलेल्या डिस्कवर आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कला ४० पिनांची जोडणी लागते. २००३ पासून प्रसारात आलेल्या साटा जोडणीने ती हळूहळू मागे टाकली आणि नव्या संगणकांत तिची सोय उरलेली नाही. डिस्क वाचली गेली तरी त्यातील मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो आणि तो फॉन्ट हाती नसल्यास अक्षरे निरर्थक दिसतात. काही मराठी टंकलेखन प्रणाली संगणकाच्या मागे लावावयाच्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत. तो लॉक आणि तो लावण्याचे पोर्ट दोन्ही आज दुर्मीळ आहेत. कागदाला वाळवी लागली तरी काही पाने उरतात. बंद डिस्क मात्र ती चालवू शकणारा माणूस असेपर्यंतच साधन राहते.

निष्कर्ष :

१) भारतातील संगणक देखभाल संस्थेकडून कंपनीकडे, कंपनीकडून जुळणी करणाऱ्याकडे आणि तेथून घराकडे आली. खुली रचना, निश्चित मानके आणि घटलेले आयातशुल्क ही या स्थित्यंतराची प्रमुख कारणे होत.
२) नाशिकमधील कुशल कामगारवर्ग, रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्तीची परंपरा आणि मुंबईच्या बाजाराचे सान्निध्य यांनी स्थानिक दुरुस्तीज्ञानास अनुकूल भूमी दिली.
३) बिघाडांचा मोठा भाग वीज, अर्थिंग, धूळ, उष्णता आणि दमटपणा यांच्याशी संबंधित होता. त्यामुळे संगणकाचे निदान हे घराचेही निदान ठरले आणि गृहीतकास पुष्टी मिळाली. कपॅसिटरमधील दोष व सीआयएच विषाणू हे त्याचे महत्त्वाचे अपवाद होत.
४) निरीक्षण, वीजपुरवठ्याची तपासणी, वजाबाकी आणि अदलाबदल ही निदानपद्धती तर्कशुद्ध होती, परंतु तिची लेखी नोंद झाली नाही.
५) यंत्रांची बदललेली रचना आणि सुट्या भागांची दुर्मिळता यांमुळे हे ज्ञान व त्यावर अवलंबून असलेली ऐतिहासिक साधने एकाच वेळी नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत.

समारोप :

महाविद्यालयांच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत जुने संगणक ‘नादुरुस्त’ म्हणून नोंदले जातात आणि यथावकाश त्यांचे निर्लेखन होते. निर्लेखनापूर्वी त्यांतील डिस्क वाचून मजकूर सुरक्षित करणे, प्रत्येक पिढीचा किमान एक संगणक चालू स्थितीत जतन करणे आणि परिसरातील ज्येष्ठ दुरुस्ती व्यावसायिकांच्या मुलाखती मौखिक इतिहास म्हणून ध्वनिमुद्रित करणे, ही तीन कामे इतिहास, मराठी, इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येतील. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेळेची मात्र आहे. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर काम केलेली, बीप ऐकून दोष सांगणारी पिढी आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्याजवळचे ज्ञान आताच लिहून घेतले नाही, तर पुढील संशोधकाच्या हाती डिस्क येईल, परंतु तिच्यात काय होते हे सांगणारा कोणी उरणार नाही.